घरचं माप

त्या घराच्या वरच्या मजल्यावर माणसं राहत आणि खालच्या मजल्यावर गोष्टी. म्हणजे खाली शिवणकामाचा कारखाना होता, आणि तिथे शिवलेल्या कपड्यांना लोक 'गोष्टीचे कपडे' म्हणत. अमृताचा घडा चोचीत धरून उडालेल्या पक्ष्याची पिसं खांद्यावर घेतलेला अंगरखा. चंद्र गिळून बसलेल्या माशाच्या पोटासारखा फुगलेला झगा. भावांना रानभर शोधूनही जी सापडली नाही, कारण ती झाड होऊन त्यांच्या समोरच उभी होती, अशा बहिणीच्या बाह्या. त्यांना मनगटापाशी पालवी फुटलेली. कपडा विकत, गोष्ट फुकट.

गोष्टी धाकटीच्या होत्या आणि नाव थोरलीचं. दोघी जावा. थोरलीचा नवरा लवकर गेला तेव्हा घरात एक शिवणयंत्र आणि भिंतींना आलेली ओल एवढंच होतं. त्यातून तिने हा कारखाना उभा केला. हे ती बोलून दाखवत नसे. गरजच नव्हती, त्या घरात भिंतीसुद्धा ते बोलत.

धाकटी या घरात आली ती डोक्यात लहानपणच्या कहाण्या घेऊन. ओल्या ओट्यावर बोटाने काहीबाही रेघोट्या ओढायची तिला खोड. एकदा अशीच पंख असलेली घोडी काढून ती फडक्याने पुसणार, तोच थोरलीने तिचा हात धरला. "पुसू नकोस. कागदावर काढ." धाकटीच्या चित्राला त्याआधी कुणी चित्र म्हटलं नव्हतं. तिला भरून आलं. पुढे पुष्कळ वर्षांनी तिला कळलं, की हात धरणं आणि हात धरून ठेवणं यांत अंतर फार थोडं असतं.

त्या घोडीचा झगा बेतायचा तर घरात मापाचा पुतळा नव्हता. थोरलीने धाकटीला उभं केलं आणि तिच्याच अंगावर कापड लावलं. झगा खपला. हाताला गुण आला म्हणून दुसराही तसाच बेतला, मग तिसरा. हळूहळू भिंतीवरच्या खुंट्या कागदी बेतांनी भरून गेल्या, आणि कापणाऱ्या मास्तरांनी प्रत्येक बेतावर कोपऱ्यात एकच शब्द लिहिला : 'घरचं'. घरचं माप. गिऱ्हाईक आलं की मास्तर त्या बाईकडे डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "घरच्यापेक्षा खांदा बोटभर रुंद, बाकी ठीक." जगातल्या सगळ्या बायका त्यांच्या लेखी धाकटीपेक्षा थोड्या जास्त किंवा थोड्या कमी होत्या.

इतर घरांत जावा एकमेकींची मापं काढतात ती तोंडाने. इथे टेपने काढली जात, आणि दर पंधरवड्याला. कारण घरचं माप बदलून चालणार नव्हतं. धाकटीच्या ताटाकडे थोरलीची नजर असे. "पुरे की," एवढंच ती म्हणे, तेही हसून. धाकटीच्या दोन्ही बाळंतपणांत कारखान्यात नवीन बेत निघाला नाही, आणि दोन्ही वेळा ती हिंडूफिरू लागल्याबरोबर थोरली गळ्यात टेप अडकवून दारात हजर. "मापात पाप नको बाई," असं मणीमावशी म्हणायची. मणीमावशी म्हणजे मणी ओवणाऱ्या बायकांतली सगळ्यांत जुनी. तिच्या तोंडाला सुईइतकीच धार होती.

मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली. धाकटीचे केस कानांवर पांढरे झाले. कंबर मात्र लग्नातली होती. आरशात बघताना तिला कधी कधी वाटे, की आपण दुसऱ्याच कुणाची तरी कंबर सांभाळायला घेतली आहे, आणि ती बाई परत न्यायला येतच नाही.

आणि मग नाटक कंपनीचं बोलावणं आलं.

कंपनीच्या कपडेपटाच्या बाईंनी कुठेतरी ते झाड झालेल्या बहिणीचे कपडे पाहिले आणि चौकशी करत करत त्या धाकटीपर्यंत पोचल्या; थोरलीपर्यंत नव्हे. "आमच्याकडे या," म्हणाल्या. "एक राजा आहे, पिंपासारखा. एक भूत आहे, काठीसारखं. दोन राक्षस आहेत, त्यातल्या एकाला पोक आहे. त्यांच्यासाठी काढा चित्रं." धाकटी त्या पिंपासारख्या राजाचा विचार करत आठवडाभर हरवल्यासारखी वागत होती. ज्याच्या अंगाला तिचा एकही बेत बसणार नाही असा माणूस! त्याला काय घालावं याची स्वप्नं तिला पडू लागली.

"शनिवारी दिवे लागायच्या आत येऊन हो म्हणा," बाईंनी सांगितलं होतं. "त्यानंतर मी कुलूप लावते, आणि रविवारी दुसरीला सांगते. फोनवर हो म्हणणाऱ्या पुष्कळ बघितल्यात मी. तोंड दाखवून म्हणा."

धाकटीने नवऱ्याला विचारलं. तो खालीच दुकानाच्या बाजूला बसून गिऱ्हाइकांचे पुडे बांधी. कुठल्याही गोष्टीला त्याचं एकच उत्तर असे, म्हणून कारखान्यात त्याला 'चालतंय' म्हणत.

"चालतंय," तो म्हणाला. "तू सांग वहिनींना. मी आहेच मागे."

तो मागे होताच. तो नेहमीच मागे असे.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळीच सांगून टाकायचं असं धाकटीने ठरवलं. पण ती खाली आली तेव्हा थोरली कपाळाला हात लावून बसली होती. दुपारी परगावची मोठी गिऱ्हाईक बाई यायची होती, सगळा हंगाम तिच्यावर अवलंबून होता, आणि झगा घालून दाखवायला ठरवलेली मुलगी जिन्यावरून पडून पाय सुजवून घरी बसली होती.

"जाऊबाई, मला जरा बोलायचंय," धाकटी म्हणाली.

थोरलीने वर पाहिलं. तिचा चेहरा एकदम उजळला.

"अगं, तू आहेस की! काखेत कळसा आणि गावाला वळसा. चल, उभी राहा."

झग्याचं नाव 'कात'. चित्र धाकटीचंच. गोष्ट जुनी, कुठेही ऐकायला मिळेल अशी : नागाची लेक माणसाच्या घरात नांदते. दिवसा नागीण, रात्री बाई. रात्री ती कात काढून खुंटीला अडकवते. एका रात्री नवरा ती कात चुलीत घालतो, आणि ती कायमची बाई होऊन राहते. धाकटीने काढलेल्या चित्रात मानेपासून कंबरेपर्यंत बटणांची रांग होती. थोरलीने ती खोडरबराने पुसली. "सापाला कधी बटणं बघितलीस का?" तिचा कल्पनाविलास असा, की झग्याला कुठे उघडायची जागाच नको. घालायचा आणि पाठीवर अंगावरच शिवून टाकायचा, आतून, टाका बाहेर दिसणार नाही असा. वर पुन्हा मण्यांचे खवले. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, की ही यातच जन्माला आली.

कारखान्याचा एक नियम होता. अंगावर टाका चालू असताना घालणारीने बोलायचं नाही. बोललं की बरगड्या हलतात, टाका ओढला जातो. नियम चांगलाच होता, धाकटीने स्वतः कित्येक मुलींना तो सांगितला होता. आता ती भिंतीकडे तोंड करून उभी, थोरली पाठीमागे गुडघ्यावर बसलेली, मणीमावशी बाजूला खवले घेऊन.

"जाऊबाई, ते मी म्हणत होते—"

"शूः! हललीस."

सुई कंबरेपासून वर चढू लागली. धाकटी मनात वाक्य जुळवत राहिली. मी जाणार आहे. मला जायचं आहे. जाऊ का? नाही, 'जाऊ का' नको; विचारलं की उत्तर येतं. टाक्यागणिक झगा आवळत होता, आणि टाक्यागणिक वाक्य लहान होत होतं. सुई खांद्यांच्या मधोमध पोचली तेव्हा नुसता 'मी' उरला होता.

"कंबरेत किंचित घट्ट होतोय," थोरली दातांत दोरा धरून म्हणाली. "कालपरवा काय खाल्लंस?"

"तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच," मणीमावशी पुटपुटली. "विचारायचं, आणि बोलू द्यायचं नाही."

"मावशी, मणी मोजा तुमचे."

"मोजतेच आहे. मण्यांना तोंड नसतं हे बरं."

मानेजवळ शेवटची गाठ पडली. थोरलीने दोरा तोडला, मागे सरून बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं पाणी होतं. या बाईला सुंदर कपडा दिसला की रडू येई, आणि म्हणूनच धाकटीला तिचा धड राग करता येत नसे.

"सुंदर," थोरली म्हणाली. "आता बसू नकोस, खवले फुटतील. हात खांद्याच्या वर नेऊ नकोस. आणि पाणी पिऊ नकोस गं, मग पंचाईत."

पायाशी झगा इतका निमुळता होता, की टीचभर पाऊल पडे. मागे शेपटीचा घोळ, दोन हात लांब. धाकटी टेबलाला टेकून उभी राहिली. आता सांगते, आता सांगते, असं म्हणता म्हणता बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

गिऱ्हाईक बाई बारीक आवाजात बोलणारी होती. तिने धाकटीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

"गोष्ट काय आहे?" तिने थोरलीला विचारलं.

थोरली गोष्ट सांगे ती छानच सांगे. शेवटी म्हणाली, "कात जळाली, पण तिला वाईट नाही वाटलं. प्रेमापुढे कातेची काय मातब्बरी! ती राहिली."

"राहील नाही तर काय," मणीमावशी खवल्यांच्या ताटलीला म्हणाली. "जाणार कशी? उघडी?"

गिऱ्हाईक बाई हसली. तिने कंबरेपाशी बोट लावून बघितलं. टेबलाला हात लावावा तसं. "हेच माप ठेवा सगळ्यांना. फार नेमकं आहे. फक्त मला हा दिव्यांत बघायचाय. माझ्याकडच्या बायका हे रात्रीच घालणार. मी जरा पडते जाऊन, संध्याकाळी दिवे लागले की येते. तोपर्यंत असाच राहू द्या."

"अर्थात," थोरली म्हणाली. "कुठे जातोय!"

गाडी गेली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरून कापायच्या टेबलाच्या पायाशी आलं होतं. कपडेपट पुलाच्या पलीकडे होता. आता निघालं तरच पोचता येणार होतं.

धाकटीने वाक्य जुळवलं नाही. जे आलं ते बोलली.

"जाऊबाई, हा उसवा. मी नाटक कंपनीत कामाला जाणार आहे. आज दिवे लागायच्या आत तिथे जाऊन हो म्हणायचंय."

थोरली आधी हसली. मग धाकटीच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत होता.

"भावजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे, ती म्हणाली... मी म्हटलं चालतंय."

यंत्रं एकेक करून थांबली. थोरली स्टुलावर बसली.

"तिकडे चित्रं काढणार?"

"हो."

"काढ. चित्रं काढणाऱ्या पायलीला पन्नास मिळतात मला." ती हे रागाने म्हणाली नाही, हिशेब जुळवत असल्यासारखी म्हणाली. "पण माप कुणाचं आणू? या भिंतीवर बघ. सगळं तुझं अंग टांगलंय गं. तू गेलीस तर मास्तरांनी बेत कुणावर लावायचे? सगळं पहिल्यापासून कापायचं?"

धाकटीला काय काय ऐकावं लागेल याची तिने मनात उजळणी केली होती. कृतघ्न म्हणतील, घर फोडलंस म्हणतील, गोष्टी माझ्याकडे ठेवून जा म्हणतील. या शेवटच्या वाक्याची तर तिने, खरं सांगायचं तर, थोडी वाटच पाहिली होती. पण हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"म्हणजे एवढी वर्षं तुम्हाला माझी कंबर हवी होती?"

"डोक्याचा काय भरवसा? आज हे सुचतं, उद्या नाही सुचत. कंबर मी बदलू दिली नाही."

"बदलू दिली नाहीत खरी."

"तुला मी काय कमी केलं? सांग ना या सगळ्यांसमोर. काय कमी केलं?"

"कमी काहीच केलं नाहीत, जाऊबाई. वाढूच दिलं नाहीत."

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं. मणीमावशीच असावी. थोरलीचा चेहरा पांढरा पडला.

"उसवा ना हा," धाकटी म्हणाली.

"नाही उसवणार. ती बाई परत यायचीय. चाळीस हात जेवतात या कारखान्यावर. तो झगा दिव्यांत दिसलाच पाहिजे. उद्या बोलू आपण. उद्या तू म्हणशील तसं."

"उद्या ती जागा राहत नाही."

"मग नसेल नशिबात."

टेबलावर कात्री होती. धाकटीने हात पुढे केला. बाह्या आवळलेल्या, हात पाठीपर्यंत पोचणं शक्य नव्हतं, पण पोटावरून कापता आलं असतं. तिने मणीमावशीकडे पाहिलं. मावशीच्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या, हंगामभर खवले लावून लावून. धाकटीने कात्री खाली ठेवली.

मग ती तशीच दाराकडे निघाली. टीचभर, टीचभर.

"भावजी, दार लावा!" थोरली म्हणाली.

"उघडा हो," धाकटी म्हणाली.

चालतंय दारापाशी गेला. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे पाहिलं, मग दाराची एक फळी लावली आणि दुसरी उघडी धरली. एवढा निर्णय त्याने जन्मात घेतला नव्हता. धाकटी उघड्या फळीतून आडवी होऊन बाहेर पडली.

पायऱ्या एकेक करून, भिंतीला धरून उतरावं लागलं. रस्त्यावर शेपटी फरफटू लागली आणि मागून थोरलीची किंकाळी आली.

"अगं, चिखल! मणी!"

थोरली धावत आली आणि तिने दोन्ही हातांनी शेपटी उचलली. धाकटी थांबली नाही. थोरलीला शेपटी ओढवेना, कारण ओढली तर टाके निसटतील. सोडवेना, कारण सोडली तर लोळेल. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. शेवटी ती मागे मागे चालू लागली.

"मागे फीर. लोक बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच केलाय ना?"

पावाच्या दुकानातून बाया बाहेर आल्या. घड्याळ दुरुस्त करणारा डोळ्याला भिंग तसंच ठेवून दारात उभा राहिला. "कुठे खेळ आहे?" कुणीतरी ओरडून विचारलं. थांब्यावर बस उभी होती, पण तिची पायरी गुडघ्याइतकी उंच. त्या झग्यातून पाय तेवढा उचलणार नव्हता. वाहकाने घंटी वाजवली, बस निघून गेली. चालण्याशिवाय इलाज नव्हता. पुलावर वारा होता. श्वास पुरा आत जात नव्हता, मान वळवली की मानेजवळची गाठ टोचत होती, आणि पुलाची चढण संपता संपत नव्हती. परत फिरावं, असं तिला दोनदा वाटलं. पण एवढ्याशा झग्यात वळण्यापेक्षा पुढे जाणं सोपं होतं.

"तिथे तुला कोण ओळखतं?" मागून थोरली. "आजारी पडलीस तर तोंडात पाणी कोण घालणार?"

"आज पाणी तुम्हीच नको म्हणालात."

थोरलीने शेपटी जरा वर उचलून धरली. मग हलकेच म्हणाली, "डावीकडून चाल. उजवीकडे काच पडलीय."

कंपनीच्या मागच्या दारावर म्हातारा पहारेकरी होता. त्याने धाकटीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीच विशेष न वाटून बाजूला झाला. "नागिणीचा प्रवेश तर काढून टाकला म्हणत होते," तो म्हणाला. मग त्याने थोरलीला अडवलं. "तुम्ही कोण?"

"मी हिची मोठी जाऊ."

"नाटकात जाऊ पण आहे? मला कुणी सांगितलं नाही. जा, आत जा."

कपडेपटाच्या बाई कुलूप हातात घेऊनच उभ्या होत्या. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना दांड्यांवर कपडेच कपडे, सगळे वेगवेगळ्या आकारांचे, सगळे वापरून सैल झालेले. घामाचा आणि कापराचा वास.

"येणार?" बाईंनी विचारलं.

"हो," धाकटी म्हणाली. आवाज बारीक निघाला, कारण त्याहून मोठ्याला आत जागा नव्हती. म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "हो. येणार."

"बरं. त्यासाठी एवढं सजून यायची गरज नव्हती." बाई जवळ आल्या. त्यांनी खवल्यांवरून हात फिरवला. मान हलवली. "काम फार सुरेख आहे हो. उघडतो कुठून?"

"उघडत नाही," थोरली म्हणाली. मघापासून तिने शेपटी खाली ठेवली नव्हती.

"मग दोन प्रवेशांच्या मधे नटीने काय करायचं?"

"आमच्याकडे प्रवेश नसतात. एकदा घातला की घातला."

"अस्सं," बाई म्हणाल्या. त्यांनी कात्री आणायला हाक मारली तेव्हा थोरली पुढे झाली.

"परक्याचा हात नको. माझा टाका मी उसवते."

तिने कंबरेचा सुई-दोऱ्याचा बटवा काढला आणि पुन्हा धाकटीच्या पाठीमागे गुडघे टेकले. दोरा सुटताना होणारा बारीक आवाज तेवढा येत होता. एकही मणी पडला नाही. मानेपासून खांद्यांपर्यंत, खांद्यांपासून खाली. कंबरेपाशी आल्यावर थोरली थांबली. तिथे कातडीवर शिवणीचा लाल वळ उमटला होता, दोरीने बांधल्यासारखा. थोरली त्याच्याकडे बघत राहिली. सवयीने तिचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला असेल, असं धाकटीला वाटलं. तिला दिसत नव्हतं. मग तिथे काहीच लागलं नाही. ना हात, ना टेप. पुढचा टाका सुटला.

झगा खाली घसरला. धाकटीने श्वास घेतला. तो इतका मोठा निघाला, की तिला चक्कर आली आणि ती तिथल्याच एका पेटीवर मटकन बसली.

तिचे कपडे कारखान्यात राहिले होते. बाईंनी दांडीवरून हाताला आला तो सदरा काढून दिला. कुठल्याशा दरबारातल्या भालदाराचा, एखाद्या धिप्पाड माणसाच्या मापाचा. तो तिच्या पोटऱ्यांपर्यंत आला. बाह्या बोटांच्या पार खाली लोंबल्या.

"सोमवारी या," बाई म्हणाल्या, आणि कुलूप लावलं.

परतीची वाट तीच होती, कारण घर तेच होतं. थोरली झगा तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांवर घेऊन चालत होती. दुकानांतले दिवे लागले होते. पुलावर कठड्याशी ती थांबली.

"ती बाई येऊन बसली असेल."

"असेल."

"एकदाच घालशील? दिव्यांत. एकदाच. मी पटकन शिवेन."

थोरलीने असं कधी विचारलं नव्हतं. ती सांगत असे. धाकटीला वाटलं, आता होकार दिला तर काय बिघडतं, सोमवार तर ठरला आहे. आणि त्याच क्षणी तिला आपल्या पाठीवर पहिल्या टाक्याची वाट बघणारी जागा जाणवली. नेमकी कुठली, ती तिला न बघता सांगता आली असती.

"नाही, जाऊबाई," ती म्हणाली. "दुसरी कुणी उभी करा. मणीमावशीला करा."

"मणीमावशी मावेल का त्यात!"

"मग तिला मावेल असा करा."

थोरली हसली नाही. पण रागावलीही नाही. ती चालू लागली, आणि थोड्या वेळाने, जणू काहीच बोलणं झालं नाही अशा आवाजात, म्हणाली, "जेवायला बसलीस तर मी काही बोलणार नाही. एवढंच सांगते. उद्या सवय जाईल की नाही, ते मला ठाऊक नाही."

घरासमोर गाडी उभी होती. वरच्या मजल्यावर अंधार, खाली सगळे दिवे. काचेतून गिऱ्हाईक बाईची पाठ दिसत होती आणि समोर चालतंय तिला कसलातरी पुडा उलगडून दाखवत होता. थोरलीने पायरीवर झगा एका हातावर घेतला, मोकळ्या हाताने धाकटीची एक बाही पकडली आणि सवयीने ती दुमडायला लागली. एक घडी, दुसरी घडी.

"राहू द्या," धाकटी म्हणाली, आणि घडी सोडून दिली.

मग ती थोरलीच्या मागोमाग आत गेली. तेच दार, तीच यंत्रं, भिंतीवर तेच बेत. सगळे वळून तिच्याकडे बघू लागले. तिचे हात बाह्यांच्या आत कुठे होते, ते कुणालाच दिसत नव्हतं.